धुरात अडकल्यानंतर दोन महिन्यांनी श्वासाला शिट्टी, कोल्हापुरात कुणाला दाखवू?

धाकटा भाऊ, वय ३४. दोन महिन्यांपूर्वी गुऱ्हाळाच्या आगीत धुरात अडकला. चेहरा-मान भाजली, घशात नळी घालून ९ दिवस व्हेंटिलेटरवर होता. घरी आला तेव्हा श्वास ठीक होता.

गेले पंधरा दिवस आवाज बसलाय. परवा जिना चढताना मध्येच कठडा धरून उभा राहिला, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. बाहेर सोडताना येत नाही. आधी दमा नव्हता, बिडी-सिगारेट नाही. दमा समजून दिलेल्या इन्हेलरने काडीचा फरक नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन ९७. पण श्वासनलिका वर कुठे अरुंद झाली असेल तर हे दोन्ही नॉर्मल येऊ शकतं, म्हणून जीव धास्तावलाय. नळीच्या किंवा धुराच्या जखमेचा व्रण महिन्यांनीही आवळतो. बसल्या जागी आवाज आला तर थेट इमर्जन्सीत नेणार, ते ठरलंय.

आधी कान-नाक-घसा की छातीचे डॉक्टर? मानेचा सीटी आधी की थेट दुर्बिणीने तपासणी? आणि अरुंद श्वासनलिका फुगवून रुंद करायची सोय कोल्हापूर-मिरजेत आहे, की पुणं गाठावं लागेल?