आजीची मावशी विलायतेत हरवली, १९११ च्या जनगणनेत कशी शोधू?

मेधा, रेडिंग

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या जेवणाला काहीजणांशी ओझरतं बोलले होते, आता नीट लिहिते.

माझ्या आईची आई देवगडकडची. तिची थोरली मावशी, कृष्णामावशी, लग्न होऊन मुंबईला आली. नवरा प्लेगात गेला, मूलबाळ नव्हतं, सासरी कुणी ठेवून घेतलं नाही. मग ती एका गोऱ्या घरात आया म्हणून लागली आणि १९१० च्या आसपास त्यांच्याबरोबर बोटीने विलायतेला गेली. परत आली नाही. माहेरच्या वंशावळीत मुलींची नावंच नाहीत. सासरच्या वंशावळीत तिच्या नवऱ्यापुढे 'निर्वंश' एवढा एक शब्द आहे. म्हणजे कागदावर ही बाई कुठेच नाही.

आजीने तिला पाहिलेलं नव्हतं, पण तिच्या आईकडून ऐकलेल्या दोन गोष्टी ती नेहमी सांगायची. एक, मावशी ज्याच्याकडे होती तो 'हारपटबाबा'. दुसरी, मावशीने कुणाबरोबर तरी पाठवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावर राजा-राणीचं चित्र. आजी त्यात सुया-दोरे ठेवायची, आता तो डोंबिवलीला मामाकडे आहे.

'हारपट' म्हणजे हर्बर्ट असावं असं धरून दीड महिना हर्बर्ट आडनावाची घरं चाळतेय. कृष्णा नावाची बाई कुठेच सापडत नाही. कुणी असा शोध घेतला आहे का?

अरुणकाका, हॅरो

चि. मेधा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. निवृत्तीनंतर माझा बराच वेळ याच कागदांत जातो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कुठले कागद मिळतात ते बघ. १९११ चा तक्ता २ एप्रिलच्या रविवारी रात्री घरात कोण झोपलं होतं त्याचा आहे, आणि घराच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला आहे. १९२१ चा १९ जूनचा, तो २०२२ च्या जानेवारीत खुला झाला. १९३१ चे इंग्लंड-वेल्सचे सगळे कागद १९४२ च्या डिसेंबरात आगीत गेले. १९४१ ला लढाईमुळे जनगणना झालीच नाही. मधली खिंड भरून काढते ती २९ सप्टेंबर १९३९ ची, लढाई सुरू झाल्यावर घरोघरच्या माणसांची केलेली नोंदवही, तिच्यात जन्मतारीखही असते. १९५१ चे कागद १०० वर्षांच्या नियमाने २०५२ पर्यंत बंद. म्हणजे आपल्या हातात तीनच खिडक्या आहेत.

आता मुद्द्याचं. नावाने शोधणं सोड. तक्ता भरणारा इंग्रज, तो 'कृष्णा' कसं लिहील ते देव जाणे, आणि पुष्कळदा तो लिहीतच नसे. बोटींच्या याद्यांत तर 'अमुक मॅडम, एक मूल आणि आया' एवढंच सापडतं. जन्मगावाच्या रकान्याने शोध. 'बॉम्बे' घाल, 'इंडिया' घाल, नाव-आडनाव कोरं ठेव.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रातच आहे, ती तुझ्या नजरेतून सुटली असं मला वाटतं. साहेबाला आया 'साहेब' म्हणायची. 'बाबा' म्हणायची ती साहेबाच्या लहान मुलाला. चार्लीबाबा, जॉनीबाबा. हारपटबाबा हा मालक नव्हे, तिने सांभाळलेलं पोर! हर्बर्ट हे आडनाव नाही, पाळण्यातलं नाव आहे. हर्बर्ट नाव, पाच वर्षांखालचा, जन्म मुंबई किंवा पुणे, आडनाव कोरं, असं शोधून बघ.

मामांना झाकणावरची तारीख वाचायला सांग. पंचम जॉर्जचा राज्याभिषेक लंडनला २२ जून १९११ ला झाला आणि दिल्ली दरबार १२ डिसेंबरला. जूनची तारीख असेल तर डबा बहुधा इथलाच. दरबाराची असेल तर तो मुंबईतही घेतलेला असू शकतो.

शुभदा, हॅकनी

मेधाताई, मी राहते तिथून दहा मिनिटांवर किंग एडवर्ड्स रोडवर २६ नंबरचं घर आहे. आयांचं वसतिगृह होतं ते, १९०० पासून. आधी ते ऑल्डगेटला होतं, आणि १९२१ मध्ये त्याच रस्त्यावर ४ नंबरला गेलं. २०२२ पासून २६ नंबरवर निळी पाटी आहे.

इथे आणून सोडून दिलेल्या कितीतरी बाया तिथे राहत. परतीच्या प्रवासाला आया हवी असलेलं कुटुंब वसतिगृहवाले गाठून देत, त्यांच्याबरोबर ती भारतात परत जाई. जनगणनेत पत्त्यावरूनही शोधता येतं, म्हणून दोन्ही नंबर घालून बघा. त्या रस्त्याने रोज मुलाला शाळेत सोडायला जाते, पण कोकणातली कुणी तिथे उतरली असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

नितीन, मिल्टन कीन्स

एक भाबडा प्रश्न. देवगडची १९०१ ची जनगणना बघितली तर मावशीचं माहेर-सासर सगळंच मिळणार नाही का?

अरुणकाका, हॅरो

नाही रे. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी देशभर शिरगणती झाली, पण तेव्हाचे नावानिशी भरलेले तक्ते आकडे काढून झाल्यावर जपले गेले नाहीत. उरली ती जिल्हावार कोष्टकं. अमुक तालुक्यात विधवा किती हे कळेल, कृष्णा कुठली ते नाही. आपल्या बाजूने शोधायचं तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. घरातलं कुणी यात्रेला गेलं असेल तर गाव आणि आडनाव सांगून पिढ्यांची नावं निघतात. जुन्या नोंदी मोडीत असतात, तेवढी तयारी ठेवायची.

मेधा, रेडिंग

काका, सापडली. म्हणजे सापडली असावी. रात्रीचा दीड वाजलाय, तरी आत्ताच लिहिते.

तुम्ही सांगितलंत तसं शोधलं. पुण्या-मुंबईत जन्मलेले डझनभर छोटे हर्बर्ट निघाले. एकेका घराचा मूळ कागद उघडत गेले. कुठे इंग्लिश दाई, कुठे कुणीच नाही. मग चेल्टनममधलं एक घर आलं.

तक्ता एका ६१ वर्षांच्या विधवा बाईंनी भरलाय. उभं, तिरकं, काळ्या शाईतलं अक्षर. त्यांच्याखाली मुलगी, लग्नाला पाच वर्षं, झालेली मुलं एक, हयात एक. मग नातू हर्बर्ट, वय २, जन्म पुणे. मग स्वयंपाकीण आणि मोलकरीण, दोघींची नावं आडनावासकट, दोघींची जन्मगावं खेड्याच्या नावासकट. आणि शेवटच्या ओळीत, नावाच्या रकान्यात, फक्त 'आया'. आडनाव नाही. नातं, नोकर. वय ३२. विधवा. व्यवसायाच्या रकान्यात पुन्हा 'आया'. जन्म, बॉम्बे.

स्वयंपाकिणीचं खेडं लिहायला बाईंना जागा पुरली आणि हिचं नाव लिहायला पुरली नाही, याचा मला फार राग आला. मग वाटलं, त्यांनी निदान 'विधवा' लिहिलं. घरात कुणीतरी तिला विचारलं असणार आणि तिने सांगितलं असणार.

उतरवून घेतलेल्या यादीत तिचं नाव 'अॅन' असं पडलंय! कुणीतरी 'आया' हा शब्द चुकीचा वाचला. मी नावाने शोधत राहिले असते तर जन्मात सापडली नसती.

मामाने झाकणाचा फोटो पाठवलाय. कडेने गंज चढलाय, पण '२२ जून' स्वच्छ वाचता येतं.

अरुणकाका, हॅरो

मेधा, शाब्बास. डोळ्यांत पाणी आलं वाचताना.

तरी पक्कं म्हणायची घाई करू नको. विधवा आया पुष्कळ होत्या, आणि वयं अंदाजाने लिहिलेली असत. तुझ्याकडे चार गोष्टी जुळताहेत: पोराचं नाव, पोराचं वय, तिचं वैधव्य आणि डबा. पाचवी जुळवू. मुलाची आई बाळाला घेऊन मुंबईहून आली असेल ती १९०९ ते १९११ च्या दरम्यान. इथे उतरणाऱ्यांच्या बोटींच्या याद्या १८७८ पासूनच्या आहेत. आईचं आडनाव आता तुझ्याकडे आहे, त्या आडनावाने बघायचं. पुढे कृष्णा म्हणून काही लिहिलं असेल तर आपलं नशीब.

नंतर इथून जाणाऱ्यांच्या याद्या, १८९० पासूनच्या. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरचे म्हणतात परत आली नाही, पण शुभदाने सांगितलं तशी ती दुसऱ्या कुटुंबाबरोबर मुंबईला उतरलीही असेल. ज्या सासरने हाकललं तिथे ती कशाला जाईल? दुसऱ्या घरी लागून पुन्हा बोटीवर चढली असेल. अशा फेऱ्या करत राहणाऱ्या आया होत्या. १९२१ मध्ये ती चेल्टनमला नसेल तर हॅकनीचे दोन्ही पत्ते बघू. तिथेही नसेल तर १९३९ ची वही, आणि इथल्या मृत्यूच्या नोंदी.

१९२१ चे कागद घरून बघायला पैसे पडतात, क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तेच फुकट बघता येतात. येत्या शनिवारी मी मोकळा आहे. साडेनऊला क्यू गार्डन्स स्टेशनच्या बाहेर थांबतो. चेल्टनमच्या तक्त्याची छापील प्रत आण, मुलाच्या आजीचं, आईचं आणि वडिलांचं नाव वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आण.

शुभदा, हॅकनी

मीही येते शनिवारी. किंग एडवर्ड्स रोडचे दोन्ही नंबर मी बघते, तुम्ही दोघं बोटी बघा. दुपारसाठी मेथीचे ठेपले आणतेय, कुणी सँडविच आणू नका.

मेधा, रेडिंग

येतेय. मामाला विचारलंय, तो डबाच कुरिअरने पाठवतो म्हणाला. मी नको म्हटलं. तो शंभर वर्षांपूर्वी एकदा समुद्र ओलांडून नीट पोचलाय, आता डिसेंबरात मीच जाऊन घेऊन येईन.