मीसच्या तोंडातून आत जायचं?

सातारकर:
नमस्कार मंडळी. लेक शिकागोला आयआयटीत होती (पवईवाली नव्हे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. सोसायटीत समजावून दमलो). मी बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे पदवीदानाला गेलो तरी सोहळ्यापेक्षा इमारतीच जास्त पाहिल्या. बहुतेक मीस व्हान डेर रोहेच्या (हे आवार आखणारा नामांकित वास्तुकार). ॲल्युम्नाय मेमोरियल हॉलच्या कोपऱ्याशी तर चक्क उकिडवा बसलो. बाहेरचं काळं पोलाद जमिनीपर्यंत आणलेलंच नाही, खाली विटांचे थर ठेवून वरच थांबवलंय. खरा खांब आत, आगीपासून बचाव म्हणून काँक्रीटमध्ये गुंडाळलेला. बाहेरचं पोलाद भार घेत नाही, हे त्याने लपवलेलं नाही. बायको म्हणाली, उठा, लोक बघतायत.

आणि मग स्टेट स्ट्रीटवर डच वास्तुकार रेम कूलहासचं २००३ सालचं कॅम्पस सेंटर, म्हणजे विद्यार्थ्यांचं केंद्र. छपरावरून लोकल जाते, तिच्याभोवती ५३० फुटांची स्टीलने मढवलेली नळी. आत नारिंगी उजेड. प्रवेशाच्या काचेवर मीसचा भलाथोरला चेहरा, आणि दार उघडलं की आपण त्याच्या तोंडातून आत! मला काकड आरतीत बँजो पार्टी शिरल्यासारखं झालं. जुन्या आवाराच्या तोंडाशी नवं बांधायचंच, तर असं?

ओळंबा:
काका, कोपरा बघायला खाली बसलात, तिथेच तुम्हाला मानलं. पण कूलहासनेही खालीच बघितलं होतं. आवाराच्या मधून लोकल जाते. पश्चिमेला वर्ग, पूर्वेला वसतिगृहं आणि रुळांखाली ओसाड जागा. पोरं ती कशी ओलांडतात, त्या वाटा त्याने नकाशावर घेतल्या. सगळ्या तिरक्या. मीसचा ग्रिड, म्हणजे आवार आखायची चौकोनी जाळी, २४ फुटांची, पण लेक्चरला उशीर झालेला पोरगा काटकोनात चालत नाही. त्या तिरक्या वाटांच्याच आत गल्ल्या झाल्या. आणि तुमच्या खात्यातली गोष्ट: नळीचा आधार इमारतीपासून वेगळा ठेवलाय, गाडीचा हादरा खाली उतरू नये म्हणून.

गारठा:
मी तिथे दोन वर्षं काढली. वास्तुकलेतलं ढ. जानेवारीत वसतिगृहातून लॅबला जाताना कान जागेवर आहेत का ते चाचपून बघायचो. मी त्या तोंडातून आत जायचो ते ऊब घ्यायला. मीसच्या क्राउन हॉलमध्ये मात्र एकदाच गेलो. १२० बाय २२० फुटांच्या हॉलमध्ये एकही खांब नाही, छप्पर वरच्या चार गर्डरना टांगलेलं. जॅकेटची चेन ओढायलाही संकोच वाटला.

चुन्याची निवळी:
ऊब आणि पायवाटा, दोन्ही मान्य. चेहराही चालेल, थट्टा आहे ती. माझा राग कॉमन्सवरून आहे. मीसची १९५३ ची छोटी इमारत, सुटी उभी होती. ती नव्या बांधकामाने पोटात घेतली. मीसच्या इमारतीभोवतीची मोकळी जागा हा त्या इमारतीचाच भाग असतो. ती गेली की उरतो तो सांगाडा. वास्तुकार जॉन रोननने २०१८ मध्ये त्याच आवारात कॅप्लन इन्स्टिट्यूट बांधलं. वरच्या मजल्याला हवा भरलेल्या पारदर्शक उशांचं आवरण, अगदी आजचं, पण सुटं आणि ठेंगणं. अहमदाबादला आयआयएमचा नवा परिसर वास्तुकार लुई कानने बांधलेल्या जुन्या विटांच्या इमारतींना खेटून न बांधता रस्त्यापलीकडे नेला, मध्ये भुयारी मार्ग. तो परिसर मला फार आवडत नाही, तरी अंतर राखलं हे बरं केलं.

ओळंबा:
निवळीताई, अंतर राखायला जागा लागते. इथे तर रुळांखालची जागाच वापरात आणायची होती. कॉमन्सबद्दल मात्र वाद घालणार नाही.

सातारकर:
काल लेकीला फोन केला. म्हणाली, "बाबा, दुसऱ्या आठवड्यानंतर तो चेहरा मला दिसलाच नाही. कॉफी दिसायची." तिरक्या वाटांचं पटलं. आमच्या कचेरीसमोर हिरवळीवर 'चालू नये' अशी पाटी होती, तिच्या दोन्ही अंगांनी पायवाट पडलेली. तेव्हा बँजो पार्टी मागे घेतो. पण निवळीताई, तुमच्या कॉमन्सपाशी नवं छप्पर जुन्याला भिडतं तिथला जवळून काढलेला फोटो आहे का कुणाकडे? बर्फ वितळल्यावर पाणी कुठून काढलंय, ते बघायचं राहून गेलं.