मदत हवी आहे : इंग्रजीतील ‘लाय’ आणि ‘ले’ यांची रूपे

‘लाय’ म्हणजे आडवे होणे आणि ‘ले’ म्हणजे एखादी वस्तू ठेवणे. पहिले क्रियापद अकर्मक, दुसरे सकर्मक, एवढे मला समजते. परंतु ‘लाय’चे भूतकाळी रूपही ‘ले’च होत असल्यामुळे लिहिताना माझा हात हमखास अडतो. ‘काल मी आडवा झालो’ यासाठी ‘आय ले डाउन’ बरोबर आणि ‘आय लेड डाउन’ चूक, हे नियमाने पटते, तरी कानाला दुसरेच सवयीचे वाटते. (खोटे बोलणे या अर्थाचे ‘लाय’ नियमित चालते, त्याची अडचण नाही.) ‘हॅव’नंतरचे ‘लेन’ तर मी टाळतोच, आणि ही पळवाट मला खटकते. ही रूपे लेखणीतून आपोआप उतरावीत, यासाठी आपणांस कोणता सराव उपयोगी पडला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.