छापील मासा रंगवायचा की कोरा कागद द्यायचा?

खाडीकाठची
लेक साडेचार वर्षांची. बालवाडीतून दर शुक्रवारी रंगवायला माशाचं छापील चित्र येतं. माशाला लांब पापण्या, गालावर लाली, ओठ लिपस्टिक लावल्यासारखे. गेल्या महिन्यात बाजारातून पापलेट आणलं तर म्हणते, "आई, हा खोटा मासा आहे, हसत नाहीये." वसईत राहून ही गत! २०२३ साली पापलेट राज्य मासा म्हणून जाहीर झालं, पण आमच्या पोरांच्या कागदावर काही ते पोचलं नाही. बंद करा ही चित्रं, कोरा कागद द्या.

रंगपेटी
बंद? काहीही हं. मी बालवाडीवर आहे. कोरा कागद दिला की निम्मी पोरं "बाई, मला येत नाही" म्हणून गप्प बसतात. आयती आकृती दिसली की लगेच खडू उचलतात. रेघेपाशी हात थांबवणं हाही सरावच आहे. आणि मासा हसला तर बिघडलं काय? गोष्टीतला ससा बोलतोच ना?

खोडरबर
"मला येत नाही" हे मूल शिकतं कुठून, बाई? दुसऱ्याचा सुबक मासा रोज समोर आला की आपला वेडावाकडा वाटायला लागतो. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालीच हे मांडलंय. मी एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला मुलं बसवायचो. वस्तुचित्राला समोर तांब्या ठेवला तरी अर्धी मुलं त्याच्याकडे न बघता पाठ केलेला तांब्या काढायची.

रंगपेटी
सर, तुमच्याकडे येतात ती आठवीची. माझ्याकडची अजून नाक पुसून घ्यायला येतात.

सुकटप्रेमी
आकृती असू द्या, पण खरी असू द्या. मोठ्या पापलेटाला पोटाखालचे जोडपर नसतात. छापील चित्रात सगळ्या माशांना एकच साचा. मी बांगडा कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि चार झेरॉक्स काढल्या. पाठ निळी-हिरवी, पोट कोरं. पोराने विचारलं, पोटाला रंग का नाही? म्हटलं, वरून बघणाऱ्याला गडद पाठ पाण्यात मिसळलेली दिसते, खालून बघणाऱ्याला पांढरं पोट उजेडात हरवतं. तो दिवसभर टेबलाखाली झोपून वर बघत होता. (मूळ कागदाला अजून वास येतोय, बायकोला सांगू नका.)

वरणभात
आमच्या घरात मासा येत नाही. पोरीला तो या कागदावरच भेटतो. तिने जांभळा रंगवून वर चांदण्या काढल्या. आता तिला जोडपर मोजायला लावू?

खोडरबर
चांदण्या तिच्या स्वतःच्या आहेत ना, मग काही बोलायचं नाही.

खाडीकाठची
वरणभात, तुमचं पटलं. पापण्या मात्र मरेपर्यंत पटणार नाहीत. बांगडा गिरवायची कल्पना आवडली होती, पण जून लागला, मासेमारी बंद. घरात सुका बोंबील होता, तोच कागदावर ठेवून गिरवला. लेकीने हिरवा रंगवला आणि बाईंना दाखवायला घेऊन गेली. साप म्हणून.