मदत हवी आहे: चेतापेशीतला संदेश मागे का फिरत नाही?

मुलीला चेतासंस्था समजावून सांगायला बसलो आणि मीच अडकलो.

इथवर कळलंय: चेतापेशी शांत असताना तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. उद्दीपनाने हा आकडा उणे ५५ च्या आसपास आला की पेशीच्या पटलातली सोडियमची दारं धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो, मग पोटॅशियम बाहेर पडून गाडी पुन्हा रुळावर येते. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा, आणि तोच शेजारच्या भागात पुन्हा घडत संदेश पुढे सरकतो. (तारेतल्या विजेसारखं हे सरळ टोकापर्यंत वाहत नाही, हे डोक्यात शिरायलाच मला दोन दिवस लागले.)

पण आत शिरलेला सोडियम अक्षतंतूत (चेतापेशीचा संदेश नेणारा लांब धागा) दोन्ही बाजूंना पसरणार ना? मग संदेश आल्या वाटेने परत का फिरत नाही? सोडियमची दारं एकदा उघडली की थोडा वेळ कुलूपबंद होतात, असं वाचलं. मायलिनचं (चरबीयुक्त थराचं) वेष्टण असलेल्या जाड तंतूत मात्र संदेश वेष्टणातल्या एका खाचेवरून दुसरीवर उड्या मारत सेकंदाला १०० मीटरपर्यंत पळतो. तिथेही हेच कुलूप पुरतं का?

मुलीचा वेगळाच प्रश्न: तंतूला बरोबर मध्यावर चेतवलं तर? मला वाटतं संदेश दोन्हीकडे धावेल. बरोबर आहे का? कुणी सोप्या शब्दांत सांगेल?