काकूंचं कार्ड ब्लॉक आहे की नुसतं बंद?

ए-१०३ काकू: ग्रुपवर बँकेतलं कुणी आहे का? नवीन डेबिट कार्ड आलंय. काल कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं मशीनला टेकवलं तर डिक्लाइन. कार्ड ब्लॉक आहे म्हणाला. रात्री नातवाच्या परीक्षेची फी ऑनलाइन भरायला गेले, तिथेही तेच. खात्यात पैसे आहेत. शाखेत गेले तर म्हणे दुकानदारालाच विचारा. परवा शेवटची तारीख आहे हो.

सी-२०१ दादा: काकू, मी माझ्या यूपीआयवरून भरतो, तुम्ही नंतर द्या. काळजी करू नका.

बी-४०२ काका: वहिनी, मेडिकलमध्ये कार्ड मशीनमध्ये घालून पिन टाकून बघितलंत का?

ए-१०३ काकू: हो, दुसऱ्यांदा तसंच केलं, तेव्हा झालं. १,२४० चं बिल होतं.

बी-४०२ काका: मग कार्ड ब्लॉक नाही. ३१ वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलोय म्हणून खात्रीनं सांगतो. रिझर्व्ह बँकेचं जानेवारी २०२० चं परिपत्रक आहे. नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून चालतं. ऑनलाइन, टेकवून आणि परदेशात वापरायची सोय बंदच असते, ती आपण चालू करायची. जुनं कार्ड कधीच ऑनलाइन वापरलं नसेल तर त्याचीही ऑनलाइन सोय बंद करायला सांगितलं होतं. नियम आपल्याच भल्याचा आहे, कार्ड चोरीला गेलं तर नुकसान कमी.

पण याच परिपत्रकात असंही आहे की ही बटणं चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकेनं चोवीस तास द्यायची, ॲप, नेटबँकिंग, एटीएम, फोन अशा वेगवेगळ्या मार्गांनी. बदल झाला की मेसेज यायलाच हवा. तुम्हाला शाखेतून दुकानदाराकडे पाठवलं, हे मला अजिबात पटलेलं नाही. वयस्कर माणसाला दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

डी-३०४: काका, माझं वेगळंच आहे. किराणा दुकानात २,८५० खात्यातून गेले, मशीनमधून स्लिप आलीच नाही. रोख देऊन आलो. आज त्याला आठ दिवस झाले. बँक म्हणते थांबा.

बी-४०२ काका: स्लिप आली नाही ना? हे महत्त्वाचं. पैसे कापले पण दुकानात चार्जस्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. सप्टेंबर २०१९ चा नियम. सुट्टीचे दिवसही धरायचे. म्हणजे तुमचे २,८५० आणि वर आजवरचे ३००. ही भरपाई तक्रारीची वाट न बघता बँकेनं स्वतःहून जमा करायची असते, पण तुम्ही लेखी मागाच. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोंडी बोलण्याला पुढे कुणी विचारत नाही.

डी-३०४: आणि तरी नाही दिलं तर?

बी-४०२ काका: लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी काही नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी त्यांचा फोन नंबर १४४४८. ऑनलाइन जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला टपालानं पत्र पाठवता येतं. आधी बँकेकडे तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर तिथून परत येतं.

बी-१०१ वहिनी: मागे माझ्या आईला फोन आला होता, "तुमचं कार्ड बंद झालंय, ओटीपी सांगा, चालू करून देतो." तसलं काही असेल तर?

बी-४०२ काका: फोन ठेवायचा. बटण आपल्याच हातानं चालू करायचं, ओटीपी कुणालाही नाही. चुकून सांगितला आणि पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि बँकेला कळवून कार्ड बंद. वेळ फार महत्त्वाचा असतो.

वहिनी, तुमच्याकडे ॲप नाही ना? संध्याकाळी एटीएमवर जाऊ, मी येतो. फक्त ऑनलाइन चालू करा, परदेशाचं राहू द्या. आणि मर्यादा फीला पुरेल इतकीच ठेवा.

ए-१०३ काकू: भाऊजी, साडेपाचला खाली थांबते.

ए-१०३ काकू: झालं! एटीएमवर मर्यादा ५,००० ठेवली, लगेच मेसेज आला. घरी येऊन फी भरली, पावतीही आली. दादा, तुम्ही आता भरू नका.