अनुभव धागा: घरात कमावणारे किती, खाणारे किती?

एकाच चाळीत वाढलेल्या घरांमध्ये पुढे एवढं अंतर का पडतं? पगार हे कारण आहेच. पण लग्न कुणाशी झालं, कोण एकटं पडलं, मुलं कोण सांभाळतं, यानेही घरं वर-खाली होतात. तुमच्याकडे काय झालं? मोकळेपणाने लिहा.

लालबागकर
वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या घरात पगार एकच, तोही बंद. आईने डबे सुरू केले, पण खाणारे आम्ही सहा. शेजारचे काकाही गिरणीतच, मात्र काकू शाळेत शिक्षिका. संप दोन्ही दारांत आला, फी फक्त आमची थकली. त्यांचा मुलगा इंजिनियर झाला. मी दहावीनंतर छापखान्यात हेल्पर. अभ्यासात आम्ही बरोबरीचे होतो, हे आजही ठामपणे सांगतो.

घाटकोपरची
मी आणि नवरा दोघेही आयटीत. आमच्या ओळखीत बहुतेकांची लग्नं अशीच, बरोबरीच्या पगारवाल्याशी. म्हणजे दोन मोठे पगार एकाच घरात. २०१७ च्या कायदादुरुस्तीमुळे मला २६ आठवडे पगारी रजा मिळाली, नंतर सासूबाईंनी लेकीला सांभाळलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई बाळंतपणानंतर सव्वा महिना होताच कामावर आल्या. तोवर त्यांची दोन कामं सुटली होती. हे मला अन्यायाचं वाटतं.

दहिसरहून
घटस्फोटानंतर मी आणि मुलगा. पॅकिंगचं काम, तेही कंत्राटदाराकडून. खाडा झाला की पैसे कापले. उशिरापर्यंत थांबलं तर ओव्हरटाइम मिळतो, पण पाळणाघर सातला बंद होतं. त्यामुळे ओव्हरटाइम नेहमी दुसऱ्यांना. पोटगीचा आदेश हातात आहे, पैसे येत नाहीत.

भांडुपकर
आम्ही तिघे भाऊ एकत्र होतो तेव्हा थोरल्याच्या कायम नोकरीवर माझ्या रिक्षाचे पडके महिने निघून जायचे. चुली वेगळ्या झाल्या. भांडण नाही, जागाच पुरेना. कमाई तिघांचीही तीच, पण पावसाळ्यात आता मला उसने घ्यावे लागतात.

धागाकर्ती
दहिसरच्या ताई, थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी कोर्टात वेगळा अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आदेशाची प्रत आणि बँकेचं पासबुक घेऊन जा. सोबत हवी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येईन.